पाच–शून्य : एका निकालाचं वाचन

वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर, निकालांच्या रकान्यात, एक ओळ अशी मांडता येईल : ५२ किलो – अनंता प्रल्हाद चोपडे (भारत) वि. वि. रामिश रहमानी (अफगाणिस्तान), ५–०.

स्पर्धा प्रेसिडेंट्स कप मुष्टियुद्धाची. स्थळ इंडोनेशियातलं लाबुआन बाजो, फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकावरचं बंदर. कोमोडोचे अजस्र सरडे पाहायला निघालेले प्रवासी इथूनच होडीत बसतात. तारीख २८ जुलै २०१९, वार रविवार. त्या दिवशी भारताने सात सुवर्णं आणि दोन रौप्यं अशी नऊ पदकं घेतली. मथळा अर्थातच मेरी कोमला गेला आणि तो तिचाच होता. बातमीत खाली सिमरनजीत कौर होती आणि मोनिका होती. आसामच्या जमुना बोरोने इटलीच्या जुलिया लमान्याला ५–० असं हरवलं, तेही होतं. नीरज स्वामी, अंकुश दहिया यांची नावं होती आणि त्यांच्याच रांगेत बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे. एका ओळीत आला आणि एका ओळीत संपला.

कवितेच्या एका ओळीवर चार-चार पानं लिहिणारे रसिक आपल्याकडे कमी नाहीत. निकालाच्या ओळीच्या वाट्याला मात्र कोणी येत नाही. ती वाचायची, ‘वा!’ म्हणायचं आणि पान उलटायचं. या ओळीत एक वजन आहे, दोन माणसं आहेत आणि दोन आकडे आहेत. त्यातलं वजन पुढे नाहीसं होणार आहे. आकडे तर दिसतात तितके साधे मुळीच नाहीत. म्हणून ही ओळ सावकाश वाचायची.

आधी एक अडचण सांगितली पाहिजे. बुलढाण्याच्या माणसाला मुष्टियुद्ध वाचायला कोणी शिकवलेलं नाही. कुस्ती शिकवावी लागत नाही. जत्रेतल्या दंगलीत हलगी वाजायला लागली की दहा वर्षांच्या पोरालाही कळतं, कोण कोणाला दाबतोय ते. पाठ लागली की निकाल झाला. त्यात कोणाच्या मताचा प्रश्न येत नाही, वाद झालाच तर पाठ टेकली की नाही एवढाच. मुष्टियुद्धाची आपली ओळख मात्र पडद्यावरून झाली. मोहम्मद अली, टायसन, घामाने निथळणारी अवाढव्य शरीरं आणि शेवटी एका ठोशात आडवा झालेला प्रतिस्पर्धी. ती नजर घेऊन ‘५२ किलो, ५–०’ वाचलं तर हाती काहीच लागत नाही. आडवं कोणी पडलेलं नाही, रक्त सांडलेलं नाही. बावन्न किलोचा माणूस तर आपल्याकडे पोत्याखाली वाकलेला दिसतो, त्याला मल्ल कोण म्हणेल?

अवाढव्य शरीरांचीच गोष्ट काढायची तर इटलीच्या प्रिमो कार्नेराची काढावी. ईशान्य इटलीतल्या सेक्वाल्स गावचा हा राक्षसी देहाचा माणूस. आधी सर्कशीत ताकदीचे खेळ करायचा, पुढे अमेरिकेत गेला आणि जून १९३३ मध्ये जॅक शार्कीला हरवून जगाचा हेवीवेट विजेता झाला. मुसोलिनीच्या राजवटीने त्याचे फोटो मिरवले. पण कार्नेराची कारकीर्द वाचायला बसलं की पानोपानी संशय येतो. त्याच्या भोवती अमेरिकेतले गुन्हेगारी टोळ्यांचे लोक होते आणि सुरुवातीच्या कित्येक लढतींत समोरचा माणूस पैसे घेऊन पडला, असं तेव्हापासून बोललं जातं. कोणता विजय खरा नि कोणता विकत घेतलेला, हे बहुधा त्याचं त्यालाही धड ठाऊक नसावं. जून १९३४ मध्ये मॅक्स बेअरने त्याला अकरा वेळा खाली पाडलं आणि जगज्जेतेपद गेलं. आपला पैसा दुसऱ्यांनीच खाल्ला हे त्याला पुढे कळलं. माणूस भला होता म्हणतात. पण त्याच्या विजयांची यादी कितीही लांब असली तरी तिचं रसग्रहण करता येत नाही. ती लिहिणारे हात भलतेच होते.

त्याच देशातली दुसरी यादी पाहा. साल्वातोरे बुर्रुनी, सार्डिनिया बेटावरच्या आल्गेरो गावचा. व्यावसायिक फ्लायवेटची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे एक्कावन्न किलोच्याही आत. एप्रिल १९६५ मध्ये रोममध्ये त्याने थायलंडच्या पोन किंगपेचला गुणांवर हरवलं, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. या वजनात ते वय म्हणजे संध्याकाळ. जगज्जेतेपद त्याच्याकडे वर्षभर राहिलं. जून १९६६ मध्ये लंडनमध्ये स्कॉटलंडच्या वॉल्टर मॅकगोवनने ते नेलं. त्याच बेटावरच्या आलेस गावच्या फर्नान्दो अत्झोरीने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये फ्लायवेटचं सुवर्ण जिंकलं होतं. सार्डिनिया म्हणजे रोम-मिलानच्या झगमगाटापासून दूरचा, मेंढरं राखणारा, पावसाची वाट पाहणारा गरीब मुलूख. अशा मुलखातून सहा महिन्यांच्या अंतराने एकाच हलक्या वजनाचे दोन जगज्जेते निघाले. हेवीवेटला उंची आणि हाडपेर जन्मतःच लागतं. फ्लायवेटला लागतात ते पाय, दम आणि डोळा. मुष्टियुद्धाच्या हलक्या गटांत थायलंड, फिलिपीन्स, मेक्सिको, क्यूबा, मणिपूर, हरियाणातली खेडी हीच नावं पुन्हा पुन्हा दिसतात, त्यामागे हे एक कारण आहे.

बुलढाणा या यादीत बसतं. जिल्ह्याचं ठाणं अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आणि तिथे आजही रेल्वे नाही. गाडी पकडायला मलकापुरात उतरावं लागतं. लोणारचं विवर, सिंदखेडराजा, शेगाव या तीन नावांवर बाहेरचा माणूस जिल्हा ओळखतो. आतला माणूस ओळखतो तो सोयाबीनचा भाव आणि कपाशीवरची बोंडअळी यांवरून. इथे मुष्टियुद्धाची परंपरा म्हणावी असं काही नव्हतं. अनंता घडला तो शेजारच्या अकोल्यात, राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. बुलढाण्याहून खामगावमार्गे अकोला सुमारे शंभर किलोमीटर.

क्रीडा प्रबोधिनी ही शासनाच्या योजनांतली एक न गाजलेली, पण मनापासून कौतुक करावं अशी योजना. शाळकरी वयातल्या मुलांना धावायला, उड्या मारायला, ठरलेल्या अंतरात मागे-पुढे पळायला लावायचं. ज्याच्या अंगात काही दिसेल त्याला वसतिगृहात ठेवायचं. जेवण, शाळा आणि सराव एकाच जागी. मूल आज कोणता खेळ खेळतं याला तिथे फारसं महत्त्व नसतं. खेड्यातल्या पोराने रिंग कधी पाहिलेलीच नसते, त्यामुळे त्याचा ठोसा तपासून उपयोग नसतो. त्याचे पाय किती चटकन दिशा बदलतात, एवढं बघितलं जातं. ग्लोव्ह नंतर येतात. महाराष्ट्रात मुष्टियुद्ध म्हटलं की पूर्वी पुणं, मुंबई आणि सैन्यदल एवढंच डोळ्यांपुढे यायचं. ज्यांनी १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं, ते मुरलीकांत पेटकरसुद्धा आधी सैन्यातले मुष्टियोद्धे होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागेपर्यंत. विदर्भाचं नाव या खेळात उशिरा आलं. २०२१ मध्ये नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडमधल्या किएल्चे शहरात युवा जागतिक सुवर्ण मिळवलं तेव्हा बऱ्याच जणांनी मान वळवली. अनंताचं लाबुआन बाजो त्याच्या दोन वर्षं आधीचं.

आता त्या ओळीतला पहिला आकडा. ५२.

२०१९ साली ५२ किलो या गटात गर्दी का झाली होती, हे कळल्याशिवाय ओळ उघडत नाही. टोकियो ऑलिंपिकसाठी महिलांचे गट वाढवताना पुरुषांचे कमी केले गेले आणि त्यात ४९ किलोचा गट बाद झाला. त्या गटातला भारताचा सर्वोत्तम माणूस अमित पंघाल, २०१८ च्या आशियाई खेळांचा सुवर्णविजेता, तीन किलो चढून ५२ मध्ये आला. चढला तो नुसता चढला नाही. एप्रिल २०१९ मध्ये बँकॉकला आशियाई अजिंक्यपद आणि सप्टेंबरमध्ये येकातेरिनबर्गला जागतिक स्पर्धेचं रौप्य, दोन्ही ५२ मध्येच. भारतीय पुरुषाने जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठण्याची ती पहिलीच वेळ. लाबुआन बाजोचा जुलै या दोन यशांच्या मधोमध येतो. म्हणजे अनंताने इंडोनेशियात सोनं घेतलं त्या वेळी त्याच्याच वजनात, त्याच्याच देशात, जगातल्या पहिल्या दोघांत बसणारा एक माणूस उभा होता. ऑलिंपिकला एका देशाचा एका वजनात एकच जण जातो. कबड्डीत निदान सात जणांना जागा असते. इथे दुसऱ्या क्रमांकाला बाकही नसतो.

हे लक्षात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली की तिचा सूर बदलतो. मोठ्या झाडाच्या सावलीत उभं राहून मिळवलेलं ते सोनं आहे.

मग शेवटचे आकडे, ५–०. फुटबॉलच्या निकालासारखे ते दिसतात आणि तिथेच वाचणारा फसतो. अनंताने पाच ठोसे मारले नि रहमानीने एकही नाही, असा त्याचा अर्थ नाही. ते पाच म्हणजे रिंगच्या चार बाजूंना बसलेली पाच माणसं.

एक फेरी जवळून पाहू. तीन मिनिटं. घंटा वाजते, दोघे मधोमध येतात. पुरुषांच्या डोक्यावरचं संरक्षक टोपडं २०१३ पासून गेलं, त्यामुळे कपाळ, भुवई, गाल सगळं उघडं. डावा हात पुढे टाकून एक जण अंतर मोजतो. तो ठोसा लागावा म्हणून मारलेला नसतोच, समोरच्याने मान किती मागे घेतली हे बघायचं असतं. दुसऱ्या वेळी तोच हात निघतो, मान तितकीच मागे जाते आणि उजवा हात बरोबर तिथे पोहोचलेला असतो. ‘थप्’ असा कोरडा आवाज येतो. लोक टाळ्या वाजवतात त्या मात्र बऱ्याचदा भलत्याच आवाजाला. ग्लोव्हवर अडवलेला ठोसा सर्वांत मोठा वाजतो आणि त्याला किंमत शून्य. खांद्यावर, दंडावर, पाठीवर बसलेलाही वाया. मुठीचा पेरांकडचा भाग चेहऱ्याच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर, नाहीतर पट्ट्याच्या वर छाती-पोटावर, वजनासकट आदळला तर तो मोजायचा. हे सगळं हलक्या गटात इतकं भरभर चालतं की पंचाची पापणी लवली तर एक देवाणघेवाण निसटते. रिंगच्या पूर्वेला बसलेल्याला एकाची पाठ दिसते, पश्चिमेला बसलेल्याला चेहरा. म्हणूनच पाच जण बसवायचे.

फेरी संपली की प्रत्येक पंच आपल्यापुरता ठरवतो. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला नऊ. फारच एकतर्फी झाली तर आठ किंवा त्याहून कमी. शेजारच्या पंचाने काय दिलं हे त्याला कळत नाही. अशा तीन फेऱ्या. शेवटी पाच कागदांवर पाच बेरजा. ज्या कागदावर ज्याची बेरीज जास्त, तो कागद त्याचा. रिओ ऑलिंपिकमध्ये पाचांतले तीनच कागद संगणक निवडायचा. तिथे इतका गोंधळ झाला की त्यानंतर पाचही कागद मोजायचं ठरलं. तेव्हा ५–० याचा अर्थ असा : पाच वेगवेगळ्या देशांची, पाच वेगवेगळ्या कोनांतून पाहणारी माणसं, एकमेकांना न विचारता, एकाच निष्कर्षाला आली. या खेळात याहून मोठं एकमत नाही.

ते एकमत किती दुर्मीळ आणि किती मौल्यवान, हे समजून घ्यायला सोलला जावं लागेल. १९८८ चं ऑलिंपिक, ७१ किलोचा गट. इटलीचा विन्चेन्झो नार्दिएल्लो आणि यजमान कोरियाचा पार्क सी-हुन यांच्यात उपांत्यपूर्व लढत. नार्दिएल्लो पुढे होता, हे बघणाऱ्या बहुतेकांना दिसत होतं. निकाल आला ३–२, पार्क विजयी. नार्दिएल्लो गुडघ्यांवर कोसळला. त्याला आवरून बाहेर न्यावं लागलं. त्याच पार्कने पुढे अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सला हरवलं, तेही ३–२. अमेरिकी दूरचित्रवाणीने ठोसे मोजले होते : जोन्सचे ८६, पार्कचे ३२. मुष्टियुद्धाच्या इतिहासातली ती सर्वांत बदनाम लढत. पंचांवर कारवाई झाली, जोन्सला स्पर्धेतला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून चषक दिला गेला, पण सोनं पार्ककडेच राहिलं. पार्कलाही ते पचलं नाही. कितीतरी वर्षांनी तो स्वतः अमेरिकेत गेला आणि ते पदक त्याने जोन्सच्या हाती ठेवलं.

जोन्सची कथा सगळे सांगतात. मला नार्दिएल्लो जास्त जवळचा वाटतो. जोन्सला निदान जगाची सहानुभूती मिळाली. नार्दिएल्लो उपांत्यपूर्व फेरीतच गेला, त्याच्या हाती कांस्यही आलं नाही. त्याने खेळ सोडला नाही. १९९६ च्या जुलैत मँचेस्टरला त्याने दक्षिण आफ्रिकेच्या थुलानी मलिंगाला हरवून व्यावसायिक सुपर मिडलवेटचं जगज्जेतेपद घेतलं आणि तेही गुणांवर, म्हणजे पंचांच्याच हातून. ज्यांनी आठ वर्षांपूर्वी त्याला रडवलं त्याच जातीच्या कागदाने त्याला पट्टा दिला. ऑक्टोबरात मिलानमध्ये इंग्लंडच्या रॉबिन रीडने तो पट्टा काढूनही घेतला, पण त्या वेळी बाद करून; मत विचारायला जागाच ठेवली नाही.

सोलच्या त्या घोळामुळेच पुढे बार्सिलोनापासून यंत्रावर बटणं दाबून ठोसे मोजणं सुरू झालं, मग २०१३ नंतर पुन्हा दहा गुणांची पद्धत आली, मग रिओत पुन्हा बोभाटा. २०१९ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनेकडून टोकियोचं आयोजनच काढून घेतलं. पैशाचे व्यवहार, कारभार आणि पंचगिरी यांबद्दलच्या तक्रारी त्यामागे होत्या. अनंताचा निकाल त्यानंतर जेमतेम महिन्याभरातला. ज्या खेळात पंचाच्या मतावरचा विश्वास पार उडालेला, त्या खेळात, त्याच महिन्यांत, पाचपैकी पाच. ३–२ ने मिळालेल्या पदकाकडे लोक आधी डोळे बारीक करून बघतात. ५–० ला ते करता येत नाही.

या जिल्ह्याने दुसरा एक जागतिक दर्जाचा विजेता दिला आहे आणि त्याची ओळ अनंताच्या ओळीशेजारी ठेवून वाचण्याजोगी आहे. प्रथमेश जावकर, कंपाउंड धनुर्धर. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात त्याने अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९–१४८ असं हरवलं. श्लोसर म्हणजे त्या काळातला या प्रकारातला पहिल्या क्रमांकाचा माणूस. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळांत ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासोबत प्रथमेशने सांघिक सुवर्णही घेतलं. १४९–१४८ हा निकाल वाचायला पंच लागत नाही. १५० पैकी किती, ते लक्ष्यावर भोकं पडलेली असतात. शंका आली तर भिंग घेऊन बघा. फरक एका गुणाचा, पण त्यावर वाद होऊ शकत नाही. ५–० मध्ये फरक भलामोठा दिसतो आणि तरीही तो शेवटी मतांचाच. धनुर्धराने वाऱ्याशी आणि स्वतःच्या श्वासाशी झुंजायचं. मुष्टियोद्ध्याला मारायला आलेला माणूस सांभाळायचा आणि बाहेर बसलेल्या पाच जणांची खात्रीही पटवायची. मी प्रथमेशचं यश कमी लेखत नाही. उलट दोन्हींतलं पूर्णतेच्या जवळ जाणारं यश तेच. पण अवघड काय, असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायला मला जड जातं.

अनंताची दुसरी ओळ तीन वर्षांनी आली. एप्रिल २०२२, थायलंडमधलं फुकेत, थायलंड ओपन. भारताने दहा पदकं घेतली, त्यांत तीनच सुवर्णं : गोविंद सहानी, सुमित आणि अनंता चोपडे. अमित पंघाललाही त्या स्पर्धेत रौप्यावर थांबावं लागलं. अनंताचा निकाल पुन्हा ५–०. सोन्यासोबत दोन हजार डॉलर बक्षीस. क्रिकेटच्या एखाद्या लिलावात जाहिरातीच्या फलकालाही याहून जास्त पडत असतील, असो.

वरवर पाहिलं तर पहिलीच ओळ पुन्हा छापल्यासारखी वाटते. दोन फरक आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे. एक, समोरचा माणूस या वेळी यजमान थायलंडचा होता. हलक्या वजनांत थायलंड म्हणजे काय, हे सांगायला दोन नावं पुरेत : सिडनी २००० चा फ्लायवेट ऑलिंपिक विजेता विजान पोनलिड आणि बीजिंग २००८ चा फ्लायवेट ऑलिंपिक विजेता सोमजित जोंगजोहोर. तिथे लहान मुलं मुए थाईच्या रिंगमध्येच वाढतात. त्या देशात, त्यांच्या लोकांपुढे, त्यांच्या माणसाविरुद्ध पाचही कागद आपल्याकडे वळवायचे. नार्दिएल्लोला कोरियात जे मिळालं नाही ते हेच होतं. यजमानाच्या घरात निकाल घ्यायचा तर तो इतका स्वच्छ घ्यावा लागतो की कलायची इच्छा असलेल्या पंचालाही कलता येऊ नये.

दुसरा फरक वजनाचा. ओळीच्या सुरुवातीला ५२ ऐवजी ५४ होतं.

मधल्या काळात जागतिक संघटनेने गटच बदलले. २०२१ मध्ये पुरुषांचे तेरा गट ठरले : ४८, ५१, ५४, ५७, ६० असे वर चढत जाणारे. ५२ नावाचा गटच उरला नाही. ज्याचं शरीर बावन्नवर बसलं होतं त्याच्यापुढे दोन वाटा. एक किलो आणखी उतरवून ५१ मध्ये पंघालच्या समोर उभं राहायचं, नाहीतर दोन किलो चढून ५४ मध्ये जायचं. एक-दोन किलोचं काय एवढं, असं आपल्याला वाटतं, कारण आपण ते दिवाळीत चढवतो आणि संक्रांतीला उतरवायच्या गोष्टी करतो. बावन्न किलोच्या माणसाच्या अंगावर उतरवायला चरबी नसतेच. वजनाच्या सकाळी शेवटचा किलो जातो तो पाण्याचा : मीठ बंद, घोट मोजून, अंगावर जाड कपडे चढवून धावणं, तोंडात थुंकीही राहत नाही. आणि चढायचं म्हटलं तर समोरचे सगळे आधीपासून दोन किलोंनी मोठे, हात लांब, ठोसा जड. अनंता चढला. नव्या वजनात पुन्हा तोच निकाल आणला.

या कारकिर्दीतली खरी गोम इथे आहे. ५४ किलोचा गट जागतिक स्पर्धेत होता, पण २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत नव्हता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सातच गट होते : ५१, ५७, ६३.५, ७१, ८०, ९२ आणि त्यावरचा. ५१ आणि ५७ च्या मधे सहा किलोंचं खिंडार, आणि अनंता नेमका त्या खिंडारात. अनेकांना वाटतं, पदकविजेता ऑलिंपिकला गेला नाही म्हणजे कमी पडला. कधीकधी कमी पडलेलं असतं ते वजनांचं कोष्टक. ते लोझानच्या कुठल्या तरी बैठकीत ठरतं, आणि त्याची झळ वऱ्हाडातल्या शरीराला लागते. बुर्रुनीच्या काळी व्यावसायिक मुष्टियुद्धात आठच पारंपरिक गट होते आणि ११२ पौंडांचा गट पिढ्यान्‌पिढ्या जागचा हलला नव्हता. त्याला निदान आपण कुठे उभं राहायचं हे आयुष्यभर ठाऊक होतं.

माझ्यापुरता कौल मी देऊन टाकतो. लाबुआन बाजोचं सोनं आधीचं, त्या दिवशी मेरी कोमच्या पंगतीतलं, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं. पण दोन्हींत वरचढ फुकेतचं आहे. परक्या घरात, चढलेल्या वजनात, यजमानाविरुद्ध आणि तरीही निर्विवाद. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलांत, शाळांच्या भिंतींवर मानकऱ्यांचे फलक रंगवले जातात. त्यांवर खेळाडूचं नाव आणि ‘सुवर्णपदक’ एवढंच असतं. एक विनंती आहे : अनंता चोपडेचं नाव लिहाल तिथे दोन्ही निकाल लिहा, वजनासकट. ५२ किलो, लाबुआन बाजो, २०१९, ५–०. ५४ किलो, फुकेत, २०२२, ५–०.